फळीतून आलेला आवाज

परवा द्वारका चौकात रिक्षा गर्दीत अडकली. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीतून वितळत्या कथलाचा करपट वास आला आणि माझ्या कपाळावर आपोआप आठी पडली. हा वास मी वर्षभर स्वतःच्या घरात सोसला आहे.

माझ्या बहिणीची मुलगी कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ती चित्रं काढेल अशी माझी भाबडी समजूत होती. गोदाकाठाचं एखादं जलरंगातलं दृश्य, फार तर मावशीचं व्यक्तिचित्र. तिने कुंचल्याला हात लावला नाही. आल्या आल्या गॅलरी ताब्यात घेतली आणि तिथे भंगार जमू लागलं. जुन्या गीझरची टाकी, सायकलच्या तारा, प्लॅस्टिकचे पाइप, फाटक्या पडद्यांचे स्पीकर. यांना कथलाचे डाग देऊन ती वाद्यं बनवायची. वाद्यं तिच्या मते. मला तो मोडक्या वस्तूंचा आक्रोश वाटे. एकदा माझी पुरणाची चाळण एका पाइपाच्या तोंडावर घट्ट बसवलेली सापडली. शिवाय सतत चित्रीकरण चाले. मी कणीक मळताना, मेथी निवडताना ती माझ्या हातांसमोर मोबाइल धरून उभी. मी रागावले की शांतपणे म्हणायची, "मावशी, तू बोलत राहा, मी फक्त आवाज घेतेय." आवाज घ्यायला तो काय भाजीबाजारात मिळतो?

आणि बोलणारी घरात मी एकटीच होते. अंबडच्या कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या यंत्रांपाशी आयुष्य काढून ह्यांचे कान गेले होते. कानाच्या यंत्राचा विषय काढला की हे हात झटकायचे. आधी ऐकणं गेलं, मग हळूहळू बोलणंही आटलं. चहा हवा का, एवढं विचारायलाही मला वरची पट्टी लावावी लागे. बिल्डिंगमध्ये वाटत असेल, आमचं दिवसभर भांडणच चालतं.

एका रविवारी दुपारी खालच्या मजल्यावरची सून वर आली. तिचे सासरे आजारी होते आणि आमच्या गॅलरीतल्या धडधडीने त्यांचा डोळा लागत नव्हता. ती नम्रपणे बोलली, म्हणून मला जास्तच लाज वाटली. ती गेल्यावर मी भाचीला सांगून टाकलं, हे सगळं आजच्या आज गोळा कर आणि उद्यापासून होस्टेल बघ. ती वाद घालणारी मुलगी. पण त्या दिवशी लगेच तारा सोडवू लागली. हे टाकीला टेकून बसले होते. एक तार सुटताना टाकी घुमली आणि ह्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे. हे मला ऐकू येतं."

ह्यांनी टाकीवर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताने मनगटापासून कोपरापर्यंत रेघ ओढून दाखवली. "कानाने नाही. इथून."

कुणी न विचारता हे आपणहून बोलल्याला कित्येक महिने झाले होते. होस्टेलचा विषय तिथेच बारगळला. धडधड मात्र मी बंद करायला लावली. तेव्हा तिने लाकडी फळीखाली स्पीकर बसवायला घेतले. आवाज इतका खालचा, की ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवावा. स्क्रू पिळायला हे तयारच होते. घरात माझ्या विरोधात आता दोघं झाली आणि कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

वर्षाच्या शेवटी महाविद्यालयात प्रदर्शन भरलं. एका अंधाऱ्या खोलीत भिंतभर माझे हात दिसत होते, मळणारे, निवडणारे, पुसणारे. आवाज काहीच नाही. समोर बसायला ती फळी. हे बसले, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने त्यांचा चेहरा पालटला.

"अगं," ते म्हणाले, "ही तू आहेस."

मी टेकले मात्र, आणि पाठीच्या कण्यातून मला माझाच आवाज चढताना जाणवला. पलंगावरचा ओला टॉवेल, पळवलेली चाळण, उघडा राहिलेला गॅस. वर्षभराचं माझं सगळं करवादणं. शब्द गळून गेलेले, नुसता चढ आणि उतार. अनोळखी पोरंपोरी दिवसभर माझ्या बोलण्यावर बसून गेली होती! संतापून मी बसल्या जागेवरून नजरेने भाचीला शोधलं. ती दाराशी उभी होती, चेहरा उतरलेला. मी उठायला गेले, पण ह्यांनी दोन्ही तळवे फळीवर पसरले होते.

"थांब ना जरा," म्हणाले. मी बसून राहिले.

पुढच्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ह्यांनीच काढलं. आता यंत्र लावतात आणि मी फार मोठ्याने बोलते अशी तक्रार करतात. भाची दुसऱ्या शहरात असते. तिथल्या कुणाचा तरी जीव खात असणार.

मी मात्र त्या फळीवरून पुरती उठलेले नाही. शब्द पोचावेत म्हणून इतकी वर्षं घसा कोरडा केला, आणि पोचलं ते शब्दांच्या खालचं काहीतरी. माझ्या आईने लहानपणी मला काय काय सुनावलं, त्यातलं एक वाक्यही आता धड आठवत नाही. विहिरीवरून परतताना ती कुरकुरत यायची, त्या कुरकुरीची लय तेवढी अंगात कुठेतरी अजून चालू असते. ती मी कधी ऐकली, कधी साठवली, मला माहीत नाही.