ग्रंथावरची फुलं

आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं. बुद्धांचं चरित्र आणि शिकवण सांगणारा जाडजूड ग्रंथ. लग्न होऊन मी डोंगरकड्याजवळच्या या गावात आले तेव्हा सासरे वाचायचे. पुढं त्यांची नजर अधू झाली आणि सून शाळेत शिकवते म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

ऐकायला बायाच जास्त. दिवसभर हळदीत नाहीतर केळीच्या बागेत राबून आलेल्या, हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून बसायच्या. त्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा आदल्या उन्हाळ्यात वारंगा फाट्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. तेव्हापासून काकूंचं बोलणं जवळजवळ संपलं होतं. विहारात मात्र त्या सगळ्यांच्या आधी हजर. पदरात दारच्या कण्हेरीची पांढरी फुलं असायची. थोडी मूर्तीपुढं ठेवायच्या, उरलेली मिटलेल्या ग्रंथावर, आणि मग त्यावर कपाळ टेकवून बराच वेळ तशाच राहायच्या. त्या उठल्या की मी फुलं ताटलीत काढायची आणि पान उघडायची.

माझे धाकटे दीर हिंगोलीला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. त्या वर्षी एका रविवारी ते गावी आले होते, माझ्यासोबत विहारात आले. काकू ग्रंथावर वाकलेल्या पाहून त्यांना राहवलं नाही.

"काकू, हा ग्रंथ हाय, पोथी न्हाई," ते म्हणाले. "कुणाच्याबी शब्दाला नुसतं डोकं टेकू नका, पारखून घ्या, असं यातच लिवलंय. आन् तुमी यालाच डोकं टेकून राहिल्या."

आवाज चढलेला नव्हता. पण विहारात सगळ्यांनी ऐकलं. काकूंनी एकेक फूल उचलून पुन्हा पदरात घेतलं आणि मागं जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत.

त्या रात्री जेवताना घरात वाद झाला.

"बुद्ध म्हणजे तत्त्वज्ञान," भाऊजी म्हणाले. "यात देव न्हाई, आत्मा न्हाई, नवस न्हाई. त्याचा धर्म केला की संपलं. मंग आपल्यात आन् बाकीच्यांत फरक काय राहिला?"

सासऱ्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "नुसतं तत्त्वज्ञान म्हणलं तर लगीन कशानं लावायचं? मयताला काय म्हणायचं? माझ्या बापानं घरातले देव नदीत सोडले, तवा सारं गाव म्हणलं, आता ह्यांना कोणी वाली न्हाई. बापानं धर्म सोडला न्हवता रे. बदलला होता."

मला दोघांचंही पटत होतं.

पुढच्या रविवारी भाऊजी परत आले तेव्हा मी त्यांना काकूंचं सांगितलं.

"मी चुकीचं काय बोललो, वहिनी?"

"चुकीचं न्हाई बोललात."

"मंग?"

मी काकूंच्या घराकडे बोट दाखवलं. ते चपला घालून तिकडं निघाले. मीही सोबत गेले.

काकू अंगणात शेंगा फोडत होत्या. आम्हाला पाणी देऊन परत शेंगांपाशी बसल्या. भाऊजींनी घसा खाकरला तशा त्याच आधी बोलल्या.

"ती मेलेल्या लेकरासाठी दारोदार मोहरी मागणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार असशील तर नको सांगू, बाबू. मयतीला आलेल्या समद्यांनी सांगितली. मरण न्हाई असं घर न्हाई, ठाव हाय मला."

"न्हाई सांगत."

"तू शिकलेला हायस. एवढंच सांग. माझं पोरगं आता कुठं हाय?"

घरी एका दमात 'आत्मा न्हाई' म्हणणाऱ्या भाऊजींनी हातातला पेला खाली ठेवला.

"मला ठाव न्हाई, काकू."

"ग्रंथात काय हाय?"

"दिवा विझला की ज्योत कोणत्या दिशेला गेली असं कुणी विचारत न्हाई, असं हाय."

"मी विचारते," काकू म्हणाल्या.

भाऊजीही शेंगा फोडू लागले आणि म्हणाले, "मंग हे विहारात विचारा."

"वाचन थांबवून?"

"व्हय. थांबवून विचारा. आन् फुलंबी आणा. मला ती खटकतात, पण ते माझं मी बघीन."

काकू टरफलं गोळा करून आत गेल्या.

दोन-चार दिवसांनी त्या विहारात आल्या. फुलं या वेळी त्यांनी ग्रंथाशेजारच्या ताटलीत ठेवली. मी वाचायला लागले. दुःखाचं मूळ तृष्णा, हा भाग होता. मध्येच काकूंचा आवाज आला.

"बाई, जरा थांबा. मला लेकराची आठवण येती, ती तृष्णा हाय का?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तेवढंच पुन्हा वाच." मी वाचलं. उत्तर त्यात नव्हतं.

मग भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीनं आपल्या, बाळंतपणात गेलेल्या लेकीचं सांगितलं. तिला तीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं, तिनंही सांगितलं नव्हतं. तिच्यानंतर दुसरी बोलली. काकू ऐकत होत्या आणि मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच सगळ्यांदेखत रडत होत्या. पुढचं पान काही उलटलं नाही. शेवटी सगळ्या उठून उभ्या राहिल्या, 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिशरण म्हणाल्या आणि कंदील घेऊन आपापल्या घरी गेल्या.

त्यानंतर रोज कुणीतरी वाचन थांबवायचं. भाऊजी येत तेव्हा त्यांनाही विचारलं जायचं. माहीत असेल ते सांगत, नसेल तर तसं म्हणत. फुलं मात्र त्यांनी कधी वाहिली नाहीत, आणि त्यांचं नि सासऱ्यांचं कधी जमलंही नाही.

आश्विन पौर्णिमा आली तेव्हा ग्रंथ बराच वाचायचा राहिला होता. एरवी सासऱ्यांनी हे खपवून घेतलं नसतं. बाहेर काकू खिरीचं पातेलं ढवळत शेजारणीला साखर कमी पडल्याचं सांगत होत्या. सासऱ्यांनी चाचपत पानांत एक सुताचा दोरा घातला, ग्रंथ मिटला आणि मला म्हणाले, "पुढल्या साली हितून धर."