तिसरी फीत

हवालदाराच्या पेन्शनवर आज मी जगतो ते नायब सुभेदार नेगी साहेबांमुळे. आमच्या युनिटचे हेड क्लार्क, गढवालचे. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

पोस्टिंग दिल्ली कॅन्टला होतं. नोकरी सतरा वर्षं. गुडगावला तेव्हा शेतांत नवीन कॉलन्या उभ्या राहत होत्या आणि तिथे सिक्युरिटी सुपरवायझर हवे होते. एका मॅनेजरने सांगितलं, एक तारखेला हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेतो. मी घाबरलो. आठवीतून शाळा सोडलेली, घर दापोलीकडे, दोन मुलं. पुन्हा कोण विचारणार? मी लवकर डिस्चार्जचा अर्ज दिला. पेन्शन शेवटच्या हुद्द्यावर मिळते, एवढंच मला माहीत होतं.

नेगी साहेब रजेवरून परतले त्या दिवशी मी नव्या नोकरीचे पेढे घेऊन गेलो. वेळ तेराशे पन्नास, म्हणजे दुपारी दोनला दहा कमी.

"हवालदार कब बना, मराठा?"

डिस्चार्जच्या तारखेपर्यंत नऊ महिने अकरा दिवस होतील, म्हणालो.

त्यांनी पेढा खाली ठेवला. "दस महीने चाहिए. नहीं तो पेन्शन नायक की. सारी उम्र." नायक म्हणजे एक हुद्दा खाली, दोन फितींचा.

"साहब, तिसरी फीत तर बाहीवर आहे!" घाबरलो की माझी हिंदी सुटायची, मराठीच तोंडी यायची.

"बाजू पर है. कागज़ पर नहीं चढ़ी. अर्ज़ी कहाँ है?"

अर्ज डाकेत होता. गाडी चौदाशेला सुटायची. साहेबांनी फोन उचलला.

"गेट? हेड क्लार्क. डाक की गाड़ी रोको."

"साब, निकल रही है."

"बैरियर गिराओ!"

मी गेटपर्यंत पळालो. गाडी बॅरियरला नाक लावून उभी होती. ड्रायव्हर हसत म्हणाला, "क्या हवालदार साब, लव लेटर था क्या?"

साहेबांनी मला सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांपुढे उभं केलं. अर्ज मागे घेतला. गुडगावची नोकरी गेली. महिनाभर जेवण गोड लागलं नाही. दहा महिने पुरे करून मी बाहेर पडलो आणि पुढे फरीदाबादच्या एका कारखान्याच्या गेटवर लागलो. मुलं इथेच शिकली.

ती तिसरी फीत खरं तर हवालदार कदमची. माझ्याच तालुक्यातला, माझ्या आधी भरती झालेला. बर्फात गस्तीवर गेला, परतला नाही. त्याची जागा रिकामी झाली म्हणून मी हवालदार झालो. एकोणीस दिवसांच्या घाईत मी ती घालवणार होतो.

नेगी साहेबांनी कधी काही घेतलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "समुंदर नहीं देखा, यार."

साहेब, तुमचे गुडघे चालताहेत तोवर मी तुम्हाला दापोलीला नेणार. आधी समुद्र दाखवीन. मग कदमच्या घरी जाऊ. त्याची आई अजून आहे. त्याची फीत कुणी वाचवली, ते तिला तुमच्यासमोर सांगायचंय.