गुरवकाकांच्या स्टुडिओतली फेरारी

गुरवकाकांच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर चार दिवस बसून बघा. सांगण्यासारखं इतकं जमेल की तुम्ही सांगत राहाल आणि ताटातला भात निवून जाईल! मी तर दोन वर्षं बसलो. दहावीला पण दोनदा बसलो, पण तिथनं बोर्डानं दोन्ही वेळा उठवलं. पायरीवरनं कुणी उठवलं नाही.

पायरीवर आम्ही तिघं. मी, सुभान आणि वासू. सुभान मच्छीमारांच्या होड्यांवर नावं रंगवायचा. वासू आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, स्वतःचा तीनचाकी टेम्पो, जेटीवरनं मासे न्यायचा. माणूस सोन्यासारखा, पण टेम्पो दिसायच्या आधी वास यायचा. लग्नासाठी पाच ठिकाणी फोटो गेला, पाच ठिकाणांहून नकार आला. सहावं स्थळ खेडचं होतं, भातगिरणीवाल्याची मुलगी शालन. तिला लांबून एकदा बघितलंन, तेव्हापासून वासू जेवणात लक्ष देईना.

काका म्हणाले, "याला खुर्चीत बसवून पाच फोटो काढले, पाच नकार आले. आता खुर्ची बदला!"

* * *

खुर्ची कुठली, तर फेरारी!

सुभानचा मामू बोटीवर होता. त्यानं इटलीहून एक कॅलेंडर आणलंन. बारा महिने, बारा गाड्या. आम्ही वार-तारखा सोडून सगळं पाठ केलं. फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती, अल्फा रोमिओ. शाळेत नद्यांची नावं अशी पाठ झाली असती तर आज मी कारकून असतो.

प्लायवूडची गाडी करायची ठरली आणि तिथंच भांडण लागलं. वासूला वीस वर्षांपूर्वीची जुनी लाल फेरारी हवी. "बघ की रे, सुरमईसारखी आहे! डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच रेघ."

सुभानला नवी लॅम्बोर्गिनी हवी. "ती बघ, कोयतीचं पातं! हवेला कापत जाईल."

तीन दिवस दोघं बोलेनात. शेवटी काकांनी तोडगा काढलानी. पुढून कोयती, मागून सुरमई! रंग लाल आणि नाव फेरारी, कारण ते सुभानला रंगवायला सोपं.

सुट्टीवर आलेल्या मामूनं ती बघितलीन. एकदा पुढनं, एकदा मागनं. मग टोपी काढून डोकं खाजवलंन.

"इटलीत दहा वेळा उतरलो मी. ही नाय दिसली. खयची रे ही?"

सुभान म्हणाला, "रत्नागिरीची!"

* * *

वासूचा फोटो त्या गाडीत झकास आला. खेडला रवाना झाला. आता उत्तराची वाट बघायची. पोस्टमन दिसला की वासू भर रस्त्यात टेम्पो थांबवायचा, मागं हॉर्न वाजत राहायचे.

इकडं गावभर बोभाटा झाला. प्रत्येकाला फेरारीत फोटो हवा! एक बागायतदार शेट आले. बसायच्या आधी चौकशी. "डिकीत आंब्याच्या पेट्या किती राहतील?"

सुभान म्हणाला, "शेट, असल्या गाडीत इंजिन मागं असतं. सामान पुढं ठेवायचं."

शेटनी डोळे मिटून विचार केलानी. "म्हणजे धग मागं आणि आंबा पुढं? उलटं केलंन हो त्या इटलीवाल्यानं! आंब्याची अढी इंजिनवर घातली असती तर मुंबईपर्यंत पिकून तयार!"

* * *

एकदा एस्टीचा ड्रायव्हर आला, खाकी ड्रेसमध्ये. बरोबर त्याचा कंडक्टर. ड्रायव्हर बसला आणि लगेच उठला. "स्टेअरिंग डाव्या बाजूला! हा फोटो साहेबांनी बघितला तर मला घरी बसवतील."

कशीबशी समजूत काढली. काकांनी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलंनी. तरी ड्रायव्हर सारखा शेजारच्या कंडक्टरकडं बघतोय.

"अहो, समोर बघा!"

"बघतो. पण ह्यानं अजून डबल बेल दिली नाही."

* * *

राजापूरकडची एक म्हातारी आली. प्लायवूडच्या मागं जाण्याआधी तिनं चपला काढून नीट बाहेर ठेवल्यान. मुंबईला मिलमध्ये असलेल्या मुलाला फोटो पाठवायचा होता. आम्ही पाठवला.

आठ दिवसांत मुलाचं कार्ड आलं. म्हातारीनं माझ्याकडनं वाचून घेतलंन. एकच ओळ होती.

"आये, कुणाची गाडी ती? आधी खाली उतर!"

* * *

आता एक माझा प्रताप. मी प्लायवूडच्या मागं रबरी भोंगा घेऊन लपायचो. काका "रेडी" म्हणाले की पोंऽऽ! गिऱ्हाईक हातभर उडायचं. काकांनी मला दोनदा हाकललंनी, पण मागची खिडकी उघडीच असायची.

एकदा तलाठी भाऊसाहेब बसले. नवी टोपी, कडक इस्त्री. पोंऽऽ! फोटोत टोपी हवेत, डोळे बाहेर आणि तोंड उघडं. काकांनी माझा कान धरूनच तो फोटो त्यांच्यापुढं ठेवलानी. "भाऊसाहेब, पैसे नकोत, परत काढून देतो."

भाऊसाहेबांनी फोटो उचलून उजेडाकडं धरलानी. "नको, हाच द्या. गाडी पळते आहे असं वाटतं!"

* * *

आणि मग खेडचं पत्र आलं. "मुलगा बरा वाटतो. रविवारी येतो. गाडी बघून पुढचं बोलू."

वासू पायरीवर मटकन बसला. "मेलो रे मी. त्यांना गाडी खरी वाटली!"

"घाबरतोस काय? मी आहे ना," मी म्हणालो. ते ऐकून तो जास्तच घाबरला.

रविवारी शालन आणि तिचे अण्णा एस्टीनं आले. वासूच्या आईनं कोकम सरबत दिलंन. मी मावसभाऊ बनून मधे बसलो. अण्णांनी एक घोट घेतलानी आणि विचारलंनी, "गाडी दिसत नाही?"

मी म्हटलं, "सर्व्हिसिंगला गेलीय."

"कुठं?"

"इटलीला. बोटीनं."

अण्णांचा पेला हवेतच थांबला. तेवढ्यात वासू उठून उभा राहिला. कान लालभडक.

"खोटं बोलतोय तो. गाडी प्लायवूडची आहे, फोटोवाल्याकडची. माझा टेम्पो आहे, तीन चाकांचा. मासे नेतो. कितीही साबण लावला तरी हाताचा वास जात नाही. फोटो पाठवला ते चुकलं माझं."

अण्णांनी पेला खाली ठेवलानी. मग अण्णा म्हणाले, "दाखवा."

आम्ही सगळे रांगेनं स्टुडिओत. सगळ्यात पुढं अण्णा आणि सगळ्यात मागं वासू, मयताला चालल्यासारखा. अण्णांनी बोनेटवर बोटानं टकटक केलीनी. मग मागं गेले. मागं काय? आंब्याच्या पेट्यांच्या पट्ट्या, दोन स्टुलं आणि काकांचा वाळत घातलेला बनियन.

अण्णा बाहेर आले ते गिरणीचा पट्टा तुटल्यासारखा चेहरा करून. "शालन, चल. पावणेपाचची खेड गाडी गाठायची आहे."

शालन कुठं दिसेना. बघतो तर ती प्लायवूडच्या मागं जाऊन स्टेअरिंगपुढच्या स्टुलावर बसलेली! पदर खोचलान, शेजारचं स्टूल हातानं झटकलंन आणि वासूकडं बघून म्हणाली, "बसा की हो."

वासू बसला. बसला कसला, पडलाच!

"अगो, गाडी चुकेल ना!" अण्णा ओरडले.

शालननं दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवलेन आणि सरळ समोर बघितलंन.

"हिच्यात दोघंच मावतात, अण्णा. तुम्ही एस्टीनं या."