ओट्याखालची फट

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावं याबद्दल पुष्कळ सल्ले मिळतात. कोणी तीर्थयात्रा सांगतं, कोणी योगासनं. आम्ही बोईसरला नवीन फ्लॅट घेतला आणि त्यात मॉड्युलर किचन करून घेतलं. रक्तदाब वाढवायला तेवढं पुरतं.

किचन बसवायला आलेला फिटर मोठा चटपटीत. दोन दिवसांत त्याने कपाटं उभी केली. ही कपाटं बुटक्या पायांवर उभी असतात आणि ते पाय दिसू नयेत म्हणून समोरून जमिनीलगत एक लांब पट्टी लावतात. कॅटलॉगात तिचं नाव प्लिंथ, फिटरच्या तोंडी स्कर्टिंग, आणि आमच्या घरात 'ती खालची पट्टी'. आठ फुटांची पट्टी त्याने ठेवली आणि तो, मी आणि माझी बायको, तिघंही खाली बघत राहिलो. मधोमध फरशीला उंचवटा होता. पट्टी त्याच्यावर टेकली होती आणि डाव्या बाजूला उंदराचं कुटुंब सामानासकट आत जाईल एवढी फट होती.

"अंकल, फर्श का प्रॉब्लेम है, हमारा नहीं," फिटर म्हणाला. "सिलिकॉन मार देंगे."

"एवढ्या फटीत?"

"दो ट्यूब मार देंगे."

मी त्याला घालवून दिला आणि बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या इंजिनिअरने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तो स्लोप आहे. पाणी जायला दिलाय."

"पण पाणी मोरीकडे जातच नाही. कपाटांखाली जातं."

"म्हणजे जातंय ना!" तो समाधानाने म्हणाला. त्या विद्वत्तेला नमस्कार करून मी घरी आलो.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. साताऱ्याकडून तरुणपणी इथे आलो आणि तारापूरच्या एका कारखान्यात उभी हयात तपासणी खात्यात काढली. आलेला माल मोजायचा, मापात नसेल तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा. केसभर चूक मी सोडली नाही, असा माझा लौकिक होता. निदान मी तरी तसंच समजत होतो. अशा माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघरातली पट्टी दुसऱ्याकडून बसवून घ्यायची म्हणजे शोभलं नसतं.

मी रीतसर कामाला लागलो. दर सहा इंचांवर फरशीची उंची मोजली, आलेख कागदावर काढला, तो पट्टीवर उतरवला. माझी बायको इथल्याच माकुणसार गावची, नारळी-केळीच्या वाडीत वाढलेली. नारळ सोलताना कोयता कसा धरायचा हे तिला कोणी आलेख काढून शिकवलेलं नाही. ती दारात उभी राहून म्हणाली, "एखादा सुतार बोलवू का?"

"सुतार अंदाजाने काम करतात," मी म्हणालो.

पट्टी कापली, उचलली, जागेवर ठेवली. डावीकडची फट बुजायच्या ऐवजी दुप्पट झाली होती. बराच वेळ मला कळेना. मग कळलं. आलेख मी पट्टीच्या पाठीमागच्या बाजूला काढला होता आणि पट्टी सुलट केल्यावर डावं उजवीकडे गेलं होतं. बायकोने वाकून पाहिलं. "मापात मात्र असेल," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

फिटर एक जादा पट्टी ठेवून गेला होता. ती माझ्या हाती लागू नये म्हणून बायकोने पलंगाखाली लपवली आणि माहेरी फोन करून उमरोळीच्या एका सुताराचा नंबर मिळवला.

तो आला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. साठीचा, काटक, खांद्याला पिशवी. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि सरळ फरशीवर पालथा पडला. टेप काढला नाही, कागद मागितला नाही. पलंगाखालची ती जादा पट्टी फरशीजवळ उभी धरून पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणून सरळ केली. लाकडाच्या एका छोट्या तुकड्यावर पेन्सिल आडवी धरली आणि तो तुकडा फरशीवरून सरकवत नेला. तुकडा उंचवट्यावर चढला की पेन्सिल चढायची, उतरला की उतरायची. फरशीचा सगळा वाकडेपणा पट्टीवर उतरला. ज्याला मला दोन दिवस लागले होते ते त्याने बिडी विझायच्या आत केलं असतं, पण बायको घरात बिडी ओढू देत नाही.

करवत चालवता चालवता तो म्हणाला, "साहेब, मी तुमाला वळखतो. तुमच्या कंपनीला मी माल पॅक करायची खोकी देत व्हतो."

मला आठवेना.

"चाळीस खोकी तुमी परत पाठवली व्हती. झाकण बसत नाय म्हणून."

आता आठवलं. लाल चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या. "झाकण बसत नव्हतं खरंच," मी म्हणालो. आवाज आपोआप ऑफिसातला झाला.

"बसत व्हतं. तुमचा टेबल वाकडा व्हता. खोकं त्याच्यावर ठेवलं का पीळ पडायचा. जमिनीवर ठेवलं का झाकण गप बसायचं."

"मग तेव्हा सांगायचं ना!"

"सांगत व्हतो. तुमी कागदावरनं वर बघितलंच नाय."

बायको गॅसपाशी उभी होती. तिने चहात साखर घातली आणि फार वेळ ढवळत राहिली.

"काय केलं त्या खोक्यांचं?" मी विचारलं.

"गावात वाटली. कोंबड्या अंड्यांवर बसवायला बरी पडली." तो हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पट्टी बसली. फरशीच्या प्रत्येक चढउतारावर ती चिकटून गेली. तो उठून बाजूला झाला. "चेक करा."

"कशाला? छान झालंय."

"नाय. करा चेक."

मी गुडघ्यांवर बसलो आणि कागदाचा तुकडा पट्टीखालून फिरवायला लागलो. उंचवट्याच्या थोडं पलीकडे कागद आत गेला. केवढीशी जागा! मी कागद मुठीत घेतला आणि म्हणालो, "ठीक आहे."

"तिथं जातो कागद," तो म्हणाला. "मला म्हाईत हाय. तुमी बोला ना."

शेकडो लोकांच्या चुका आयुष्यभर सहज दाखवल्या होत्या; आता मूठ उघडून कागद परत आत सरकवला. "जातो," मी म्हणालो.

त्याने पट्टी काढली, ती उंचवट्यावर टेकत होती तिथे रंधा दोनदा फिरवला आणि परत लावली. मी पुन्हा कागद फिरवला, तो कुठेच गेला नाही.

चहा पिताना माफी मागावी असं फार मनात आलं. मी तीनदा घसा खाकरला आणि शेवटी म्हणालो, "त्या टेबलाचं माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी होती." त्याने मान हलवली आणि अर्धा कप चहा आणखी मागितला. मग मुलीच्या सासरची, वैतरणा खाडीतल्या बोईट माशांची अशी बरीच बोलणी झाली. निघताना बायकोने त्याच्या पिशवीत माहेरच्या वाडीवरची केळी टाकली.

तो गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "तू फोनवर माझी कंपनी सांगितलीस वाटतं."

"सांगितली. पत्ता विचारताना निघालं बोलण्यात."

"मग काय म्हणाला?"

"आधी म्हणाला, आठवडाभर वेळ नाय. कंपनी आणि तपासणी खातं ऐकल्यावर म्हणाला, साहेब घरी असतील तर उद्याच येतो."