रंभाबाईच्या हाताचं यश

सुरतेजवळच्या उधन्याच्या चाळीत, पोट दुखलं की रंभाबाईकडून सरकलेली बेंबी बसवून घेतली नाही असं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. अन् अडुसष्ट साली बिचारीची स्वतःचीच बेंबी हट्टाला पेटली! दुखणं बेंबीशी सुरू व्हायचं आणि उजवीकडे खाली सरकायचं. मग पोटावर पणती, वर पालथा तांब्या, एरंडेलाचा घोट आणि चोळणं. दोन दिवसांनी उतरायचं. महिना-दीड महिन्याने पुन्हा हजर.

तिसऱ्यांदा उलट्या झाल्या, ताप चढला, तेव्हा रंभाबाई स्वतःशीच चिडली. "बेंबी बसली तर उठते कशाला मेली?" ताप उतरताच नवऱ्याला, गंगारामला, न विचारता ती थेट मोठ्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी उजव्या बाजूला खाली बोट टेकवलं. रंभाबाई किंचाळली.

"बेन, बेंबी जागेवरच आहे, दुखणं तेवढं सरकतं," डॉक्टर म्हणाले. "आतड्याला एक शेपूट असतं, अपेंडिक्स. ते सुजतं, बसतं, पुन्हा सुजतं. त्यात तुम्ही एरंडेल पिता, वरून चोळता! एखाद्या दिवशी फुटेल. आता शांत आहे तोवर काढून टाकू."

चाळीत बोंब झाली. यंत्रमागावरचा खानदेशी सुपडू सगळ्यांत पुढे. "मावशी, तूच पोट फाडी लिधं तं तुना हातनं यश जाई! मंग तुनाकडे कोन येई?"

रंभाबाईला ते लागलं. मूलबाळ नसलेल्या बाईला त्या हातामुळेच चाळीत मान होता. रात्रभर तळमळली. पण सकाळी लुगड्यांचं गाठोडं बांधून म्हणाली, "जाऊ दे यश. मला जगायचंय." आणि गेली. बरी होऊन आली, तर खरंच कुणी दारात फिरकेना. तांब्या कोनाड्यात काळा पडला.

वर्ष गेलं असेल. एका दुपारी सुपडूच धावत आला. बायको शकू पोट धरून लोळत होती. "मावशी, चुकलं मनं. तेल गरम करी ठेयेल शे. तुनाच हात लाव!"

सुपडूच्या खोलीत जमलेल्या बाया रंभाबाईकडे बघत होत्या. गेलेला मान पुन्हा दारात उभा होता, नुसतं चोळायचा अवकाश. तिने शकूच्या पोटावर उजवीकडे हलकेच बोट टेकवलं. शकू कळवळली. रंभाबाईने तेलाची वाटी उचलली आणि मोरीत ओतली.

"रिक्षा आण!"

"मावशी, पन आधी तांब्या..."

"अरे मुडद्या, रिक्षा आण म्हणते ना! आज चोळलं तर उद्या खांदा द्यावा लागेल!" तिने पदर बाजूला सारून आपला व्रण दाखवला. "हे बघ. जगले ना मी?"

शकू वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर फुटलं असतं.

त्यानंतर लोक पुन्हा येऊ लागले. रंभाबाई आधी उजवीकडे खाली बोट टेकवून बघायची. कुणी कळवळलं की तांब्याला हातही न लावता चपला घालायची आणि त्याला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी राहायची. चाळ म्हणायची, बाईच्या हाताला यश आहे हं!