एका ओढ्याची दोन नावं

आमच्या गावचा ओढा गायरानातल्या पाझरांतून निघतो आणि पुढे दुधना नदीला मिळतो. एवढुसा ओढा, दिवाळी सरली की कोरडाठाक. पण त्याला नावं दोन. वेशीवरच्या चिंचेपर्यंत तो देवओढा, कारण श्रावणात देवाची पालखी तिथे न्हायला येते. चिंचेपाशी वळून आमच्या वस्तीकडे आला की त्याला आमच्या जुन्या जातीचं नाव. ते मी इथे लिहिणार नाही. आयुष्यभर ऐकलं तेवढं पुरे.

आजोबांनी दीक्षा घेतली, जात सोडली. ओढ्याने मात्र ती सोडली नाही. मी बदनापूरला मास्तर झालो, जालन्यात घर केलं, तरी गावात कुणी माझं घर विचारलं की लोक तेच नाव घेऊन वाट दाखवायचे. आई अजून तिथेच राहते. त्या नावाची मला शिसारी यायची.

यंदा वस्तीकडच्या रस्त्यावर पूल झाला. त्यावर ओढ्याच्या नावाची पाटी लागणार असं कळलं, म्हणून मी मुद्दाम ग्रामसभेला गेलो. म्हटलं, पाणी एकच आहे, तर नावही एकच ठेवा. देवओढा.

सरपंच माझ्याच हाताखाली शिकलेला. "बराबर हाय सरांचं," तो म्हणाला. "जातीचं नाव बिलकुल नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागून एक म्हातारे म्हणाले, "पण देवाचं नाव तिकडं कसं न्यायचं? देव चिंचेच्या म्होरं जातच न्हाई." तेव्हाही सगळ्यांनी माना डोलावल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगाच नाही.

पुढच्या रविवारी आईकडे निघालो, तर पाटी लागलेली. 'खालचा ओढा'. ती वाचून माझं डोकं भणाणलं. सरपंच मोटारसायकल घेऊन पुलावरच उभा होता.

"काय सर, आता खूश ना? तुमचं काम जल्दी करून टाकलं."

"खालचा म्हणजे कुणाच्या खालचा?"

"आमच्या," तो सहज म्हणाला.

आता तरी हा जीभ चावेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने मागच्या सीटवरची धूळ हाताने झटकली.

"बसा सर, वस्तीवर सोडतो."

मी चालत गेलो.