झाडावरचा जपानी

"आधी बघ. मग हात लाव." कुठलाही जुना कपडा टेबलावर आला, की मावशी हात पाठीमागे बांधून त्याच्याभोवती एक फेरी मारायच्या. तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात. मीही हसायचो.

ओहायोतल्या एका छोट्या खाजगी युद्धसंग्रहालयात त्या जुन्या गणवेशांची डागडुजी करायच्या. मूळच्या नागपूरच्या. मी आयटीतला, शनिवारी त्यांच्या हाताखाली.

एकदा एका माजी अमेरिकन सैनिकाच्या घरातून महायुद्धातल्या जपानी सैनिकाची जाळी आली. सुतळीची, अंगभर पांघरायची. तिच्यात पानं-फांद्या खोचल्या की जंगलात माणूस दिसेनासा व्हायचा. मावशींनी तीन आठवडे चिमट्याने तिच्यातली माती काढली. गळ्यापाशी कापडाची पट्टी शिवलेली सापडली. विद्यापीठातल्या एका जपानी बाईंनी वाचून दिली : नाव आणि गाव.

"त्याच्या घरचं असेल रे कुणीतरी. पत्र टाकू," मावशी म्हणाल्या.

डायरेक्टरला वेगळंच सुचलं. प्लास्टिकच्या झाडावर पुतळा बसवायचा, त्याला ती जाळी घालायची आणि मुलांच्या हातात लेझरची बंदूक द्यायची. लपलेला जपानी शोधा, टिपा!

मीटिंगमध्ये मावशी ताडकन उभ्या राहिल्या. "त्याच्या साहेबांनी त्याला पानं खोचून मरायला बसवलं. तो एकदा मेला. आता तुम्ही त्याला दर शनिवारी मारणार? नाव आहे त्याला!"

"तो शत्रू होता," डायरेक्टर म्हणाला.

"मला सांगता? माझे आजोबा ब्रह्मदेशात जपान्यांच्याच गोळीने गेले. आजीला त्यांची टोपीसुद्धा मिळाली नाही. म्हणून तर म्हणते, घरी पाठवा!"

कुणी बोललं नाही. मीही नाही. मला ग्रीन कार्डाच्या अर्जासाठी डायरेक्टरचं शिफारसपत्र हवं होतं. मावशींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, किल्ल्या टेबलावर आपटल्या आणि गेल्या. आता त्या टेक्सासमध्ये शुगर लँडला लेकीकडे असतात. माझा फोन उचलत नाहीत. का उचलावा?

शिफारसपत्र मला मिळालं. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परवा एकदा संग्रहालयात गेलो. झाडासमोर रांग होती. नेम लागला की घंटा वाजते, पुतळ्याची मान छातीवर पडते, मुलं टाळ्या पिटतात. मग मोटर घरघरते आणि पुढच्या मुलासाठी ती मान हळूहळू वर करते.